एफ-चारचं बटण आणि हिलालनानांची पत्रिका

मी छापखान्यात होते असं कळलं की लोक विचारतात, म्हणजे पुस्तकं बांधायला का? छापखान्यात बायका बांधणीला असतात, हे सगळ्यांना माहीत असतं. मी छपाईच्या अक्षरांचे खिळे जुळवायची. नंतर कॉम्प्युटरवर टाइप करायची. पण एवढं समजावून सांगणं मला जड जातं, म्हणून बहुतेक वेळा मी 'हो, बांधायला' असं म्हणून मोकळी होते.

दिवाळी अंकांत बँकेतले, पोलिसांतले, कोर्टातले लोक निवृत्त झाल्यावर आपले अनुभव लिहितात. तसे लेख मी हातानं जुळवलेले आहेत. आपण असं काही लिहावं असं तेव्हा मनातही आलं नाही. आता दुपारी घरात कुणी नसतं, तर लिहिते. दाखवणार कुणालाच नाही.

आमचा छापखाना जळगावच्या नवीपेठेत एका बोळात होता. मालकांना सगळे भाऊ म्हणत. पुढच्या खोलीत भाऊंचं टेबल आणि गिऱ्हाइकांसाठी बाक. मागच्या खोलीत छपाईचं मशीन आणि खिळ्यांच्या केसेस. केस म्हणजे उथळ लाकडी खण, त्यात लहान लहान कप्पे, आणि एकेका कप्प्यात एकेका अक्षराचे शिशाचे खिळे. डाव्या हातात स्टिक नावाची लोखंडी पट्टी धरायची, उजव्या हातानं एकेक खिळा उचलून तिच्यात ओळ लावायची. खिळ्यावर अक्षर उलटं असतं. पुढे पुढे मला सरळ अक्षरापेक्षा उलटं लवकर वाचता यायला लागलं.

माझं शिक्षण चौथीपर्यंत. धरणगावजवळच्या आमच्या खेड्यात शाळा तेवढीच होती. पण या कामाला चौथी पुरते. कागदावर असेल ते लावायचं, मनाचं घालायचं नाही. मला ते काम फार आवडायचं, आणि खरं सांगायचं तर काम आवडायचं त्याहून मागची खोली जास्त आवडायची. तिथे कुणाशी बोलावं लागत नसे. पत्रिका कुणाची, पावतीपुस्तक कोणत्या दुकानाचं, हे मला कागदावरूनच कळायचं. गिऱ्हाइकांची तोंडं मी पाहिलेली नव्हती. त्यांनाही मागे कुणी बाई आहे हे ठाऊक नसायचं. एकदा एक गृहस्थ भाऊंना म्हणाले, "तुमचा कंपोझिटर फार नीट काम करतो, त्याला आमच्यातर्फे चहा पाजा." भाऊंनी चहा मागे पाठवला. मी तो प्याले, आणि तो कंपोझिटर कुणी पुरुषच आहे अशी त्यांची समजूत तशीच राहू दिली.

नव्वद सालानंतर काही वर्षांनी भाऊंनी कॉम्प्युटर घेतला. तो बसवायला धुळ्याहून एक सर आले. एसटीनं आले, सगळं जोडून दिलं, मला शिकवलं आणि पुन्हा एसटीनं गेले. त्या मशीनला धूळ चालत नाही म्हणून ते पुढच्या खोलीत ठेवायचं ठरलं. म्हणजे मीही पुढच्या खोलीत आले. आता गिऱ्हाईक शेजारी स्टूल ओढून बसे आणि माझ्या खांद्यावरून पडद्यात पाहत असे. पहिले काही महिने मी पदर डोक्यावरून घेऊन टाइप करायची. भाऊ म्हणायचे, "अक्का, ते लोक पडद्याकडे बघतात, तुमच्याकडे नाही." मी त्यांच्यापेक्षा लहान असूनही ते मला अक्का म्हणत.

ज्यांनी हे काम पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. मराठीची सगळी अक्षरं कीबोर्डवर मावत नाहीत. ज्या जोडाक्षरांना जागा नसते त्यांना नंबर दिलेले असतात. डाव्या हातानं ऑल्ट नावाचं बटण दाबून ठेवायचं, उजव्या हातानं बाजूच्या आकड्यांवर नंबर मारायचा, आणि ऑल्ट सोडलं की अक्षर उमटतं. इंग्रजी टाइप करणाऱ्याला हे ऑल्ट क्वचितच लागतं. आम्हाला ते ओळीओळीला लागायचं. पण त्या मशीनची स्वतःची काही गुप्त कामं त्याच बटणांवर ठेवलेली होती. ऑल्ट धरून एक दाबलं की अक्षर, दुसरं दाबलं की भलतंच काही. ही कामं ज्यानं ठरवली त्यानं मराठी कशी टाइप करतात हे कधी पाहिलं नसावं.

ऑल्टच्या शेजारचं कंट्रोल नावाचं बटणही तसलंच. भुसावळहून एक निवृत्त रेल्वे गार्ड आमच्याकडे यायचे. त्यांच्या वस्तीत दर वर्षी बाबासाहेबांची जयंती व्हायची, तिचं कार्यक्रमपत्रक ते छापून घेत. एकदा त्यांचं पत्रक टाइप करताना माझी करंगळी शिफ्टऐवजी खालच्या कंट्रोलवर पडली. कंट्रोल धरून एक ठरावीक अक्षर दाबलं की सगळा मजकूर एकदम निवडला जातो आणि पुढचं अक्षर दाबताच त्या सगळ्याच्या जागी ते एकटं अक्षर येतं. माझे डोळे गार्डसाहेबांच्या कागदावर. मी आपली पुढे टाइप करत राहिले. वर पाहिलं तर पानावर अर्धी ओळ होती, बाकी पान कोरं. मला रडू यायला लागलं.

गार्डसाहेबांनी डबा आणलेला होता. तो सोडत ते म्हणाले, "बाई, गाडी गेली म्हणजे स्टेशन गेलं नाही. माझा कागद इथेच आहे. तुम्ही लावा, मी जेवतो." मी पुन्हा सगळं टाइप केलं. त्यांनी जाताना मला अर्धी पोळी आणि गुळाचा खडा दिला.

त्यांच्याकडे कागद होता, म्हणून भागलं. हिलालनानांकडे कागद नव्हता.

त्याआधी मशीनची आणखी एक खोड सांगायला हवी. टाइप केलेलं जपून ठेवायचं, म्हणजे सेव्ह करायचं, तर मशीन आधी त्या कामाला नाव विचारतं. ते नाव इंग्रजी अक्षरांत द्यावं लागायचं. आमच्या वेळी इंग्रजी पाचवीत सुरू व्हायचं. मला एबीसीडी येत नव्हती. त्यामुळे आमच्याकडे पद्धत अशी पडली की मी काम टाइप करायचं, आणि भाऊ हातातलं सोडून आले की त्यांनी नाव घालून सेव्ह करायचं. मला यात काही वावगं वाटत नसे. खिळे लावून ठेवले की ते आठ दिवसांनीही तिथेच असतात. फार तर सांडतात, पण सांडले तरी जमिनीवर असतात. काहीच न राहता सगळं जातं, ही गोष्ट तेव्हा माझ्या मनात शिरलीच नव्हती.

आता लग्नपत्रिका. खानदेशातली पत्रिका म्हणजे नुसतं बोलावणं नसतं. तिच्यात सगळं गणगोत उभं करावं लागतं. आजोबा, काका, चुलतकाका, मामा, आत्याचे यजमान, मग लहान मुलांची किलबिल. कुणाचं नाव वर, कुणाचं खाली, यावर माणसं लग्नाला येतात किंवा येत नाहीत. भाऊ गमतीनं म्हणत की वकिलाकडे जेवढी भांडणं जातात त्यातली निम्मी आधी आपल्या बाकावर होतात.

लग्नसराईतली सकाळ होती. हिलालनाना मुलीच्या लग्नाची पत्रिका छापून घ्यायला आले. धरणगावच्या बाजूचे शेतकरी, उंच, पांढरी टोपी. बरोबर त्यांची म्हातारी आई आणि आत्माराम नावाचा चुलतभाऊ. आत्माराम बाकावर बसल्या बसल्या भिंतीवरच्या नमुन्याच्या पत्रिका वाचायला लागला आणि कोणाच्या पत्रिकेत कोण राहून गेलं ते सांगायला लागला. नाना माझ्या शेजारी स्टुलावर बसले.

"कागद आणलाय का?" भाऊंनी विचारलं.

"कागद कशाला? तोंडपाठ आहे सगळं. मी सांगतो, बाई लिहितील."

भाऊंना बाजारात कागदाच्या दुकानावर जायचं होतं. "अक्का, घ्या तुम्ही. मी आलोच," म्हणून ते गेले.

नानांनी भराभरा सांगितलं. गणपती, कुलदैवत, मुलीचं नाव, मुलाकडचे धुळ्याचे. मग आशीर्वाद म्हणून आईचं नाव. मग निमंत्रक म्हणून स्वतःचं. मग आत्मारामचं, मग दुसऱ्या दोन चुलतभावांची. तिथे म्हातारीनं तोंड उघडलं. तोवर ती पिशवी मांडीवर घेऊन गप्प होती.

"सुकलालनं नाव कोठे शे?"

नाना पडद्याकडेच बघत राहिले. मला म्हणाले, "पुढे लिहा बाई. मामांची नावं."

"मी तुले विचारी राह्यनू," म्हातारी म्हणाली.

सुकलाल म्हणजे नानांचा सख्खा धाकटा भाऊ. हे मला आत्मारामनं हळू आवाजात सांगितलं, विचारलं नसताना. वाटणी झाल्यापासून दोघं बोलत नव्हते. विहिरीवर समोरासमोर आले तरी एकजण उलटा फिरे. वाटणीत कोण बरोबर आणि कोण चूक ते आत्मारामला सांगायचं होतं, पण नानांनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं आणि तो पुन्हा भिंत वाचायला लागला.

मग मायलेकांचं सुरू झालं. भांडण म्हणावं तर आवाज कुणीच चढवत नव्हतं. नाना म्हणाले, "त्यानं मला वाडीत पाय ठेवू दिला नाही. त्याचं नाव मी का घालू?" म्हातारी म्हणाली, "मना दोन आंडोर शेतस. कागदवर बी दोन जोयजेत." आंडोर म्हणजे मुलगे. नाना म्हणाले, तो येणारच नाही. म्हातारी म्हणाली, नाव नसताना कसा येईल. नाना म्हणाले, लोक हसतील. म्हातारी म्हणाली, लोक आत्ताच हसताहेत. मी कीबोर्डवर हात ठेवून बसले होते आणि मागच्या खोलीची फार आठवण येत होती.

शेवटी नानांनी हार मानली, पण अर्धीच. मला म्हणाले, "टाका त्याचं. चुलतभावांच्या खाली. सगळ्यांच्या खाली." मी टाइप केलं. आई गप्प झाली. ती खूश नव्हती, पण चालेल अशी तिची मुद्रा होती. आत्मारामनं आपलं नाव सख्ख्या भावाच्या वर आलेलं पाहून मिशीवरून हात फिरवला.

मामा झाले, आत्या झाल्या, किलबिल झाली. शेवटचा भाग आला, लग्नाचा दिवस आणि वेळ. आधीच्या ओळीत एका जोडाक्षरासाठी मी ऑल्ट धरलं होतं. नंबर मारून झाला, पण अंगठा तिथेच राहिला असणार. मग कीबोर्डच्या वरच्या ओळीतल्या चारवर, तिथेही आमच्या टायपात एक अक्षर असतं, बोट न्यायचं, ते एक घर वर गेलं, एफ-चारवर. ऑल्ट आणि एफ-चार मिळून त्या मशीनला 'बंद हो' म्हणतात. ते बंद व्हायच्या आधी इंग्रजीत विचारतं, हे ठेवू का? पण माझे डोळे नानांच्या तोंडाकडे होते. नाना म्हणाले, "दिनांक." आमच्या टायपात आधी वेलांटी मारायची, मग द. वेलांटी मारली तेव्हा मशीननं टुण केलं. ते एरवीही करायचं. मग मी द दाबला. ज्या बटणावर आमचा द, त्याच बटणावर इंग्रजीत नाहीचं, म्हणजे 'नो'चं, पहिलं अक्षर. मशीननं विचारलं ठेवू का, मी म्हटलं नाही.

हे सगळं मला नंतर धुळ्याच्या सरांनी फोनवर समजावलं. त्या वेळी एवढंच दिसलं की पान नाही. निळा पडदा आणि कोपऱ्यात लहान लहान चित्रं.

"टीव्ही बंद पडला का?" नानांनी विचारलं.

तेवढ्यात भाऊ कागदाची रिमं घेऊन आले. त्यांनी पडद्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि सगळं ओळखलं. मला सांभाळून घ्यायला ते चटकन म्हणाले, "लाईट गेली होती वाटतं."

नानांनी मान वर केली. पंखा जोरात फिरत होता. भाऊंनीही वर पाहिलं. मग ते म्हणाले, "लाईट गेली नव्हती. पत्रिका गेली."

"बठ्ठं गयं का?" म्हातारीनं विचारलं.

"सगळं, माय," मी म्हणाले. त्या दिवशी त्या लोकांशी बोललेला तो माझा पहिला शब्द.

नानांनी टोपी सारखी केली. मग म्हणाले, "बरंच झालं. त्याचं नाव घातलं आणि कागद पुसला गेला. देवालाच नको होतं. आता त्याच्याशिवाय लिहा."

म्हातारी बाकावरून उठली. पिशवी काखेत घेतली. आवाज अजिबात चढवला नाही. "त्यानं नाव नही तं मनं बी काढी टाक," एवढं बोलून ती दाराशी गेली आणि पायरीवर पाठमोरी बसली. आत्माराम म्हणाला, "काकू, ऊन आहे तिथे." ती हलली नाही.

आशीर्वादाला आजीचं नाव नाही अशी पत्रिका मी तोवर जुळवलेली नव्हती आणि नंतरही नाही. आजी जिवंत असताना तर नाहीच. नानांनाही ते कळत होतं. ते बाहेर गेले, पायरीवर आईला ओलांडून. बोळाच्या तोंडाशी जाऊन उभे राहिले. भाऊंनी चहा सांगितला. म्हातारीनं बशी हातात घेतली, पण तोंडाला लावली नाही. भाऊ मला हळूच म्हणाले, "अक्का, तुम्ही घाबरू नका. हे लोक मशीनमुळे नाही भांडत." मग ते मागे छपाईच्या मशीनवर गेले, तिथे एका दुकानाच्या पावत्या छापायच्या पडून होत्या.

नाना परत आले ते थेट स्टुलावर बसले. "घ्या," म्हणाले. पुन्हा गणपतीपासून सुरुवात. या वेळी ते सावकाश सांगत होते. आशीर्वादाला आले तेव्हा त्यांनी आईचं नाव सांगितलं, दाराकडे न बघता. मी टाइप केलं. निमंत्रक म्हणून स्वतःचं सांगितलं. आणि थांबले.

मी वाट पाहिली. त्यांनी घसा साफ केला, पडद्याकडे पाहिलं, आणि म्हणाले, "पुढे मघाशी होतं तसं टाका. तुम्हाला ठाऊक आहे."

तेव्हा माझ्या लक्षात आलं की सकाळपासून नानांनी भावाचं नाव एकदाही उच्चारलं नव्हतं. आई म्हणे सुकलाल, आत्माराम म्हणे सुकलाल, नाना म्हणत 'तो'. आताही त्यांच्यानं ते होत नव्हतं, म्हणून ते काम माझ्यावर सोपवत होते.

मघाशी होतं तसं म्हणजे आधी तीन चुलतभाऊ, आणि सगळ्यांच्या खाली तो. मला ते ठाऊक होतं. पण माझ्या बोटांनी नानांच्या नावाच्या लगेच खाली सुकलाल असं टाइप केलं, आणि त्याखाली आत्माराम. का, ते मी सांगू शकत नाही. पायरीवरची पाठ मला टाइप करताना दिसत होती, एवढं खरं.

आत्माराम वाकून पाहत होता. "नाना," तो म्हणाला, "मघाशी माझं वर होतं."

मी मान खाली घातली. आता नाना मला विचारणार आणि मला बोलावं लागणार, असं वाटलं. नानांनी पडदा वाचला. बराच वेळ वाचला. मग म्हणाले, "बाईंनी टाकलंय तसंच होतं."

"अहो, मी स्वतः पाहिलं."

"तू भिंतीवरच्या पत्रिका वाचत होतास. बाईंचं रोजचं काम आहे. गप बस."

आत्माराम गप बसला, पण तोंड पाडून नाही. तो पायरीपाशी गेला आणि म्हातारीला म्हणाला, "काकू, चहा प्या. मला खाली ढकललं तुमच्या लेकानं." तिनं मागे वळून पाहिलं. मग बशी तोंडाला लावली.

उरलेलं सगळं झालं. दिनांक आला तेव्हा मी दोन्ही हात उचलून मांडीवर ठेवले, मग एकेका बोटानं टाइप केलं. नाना म्हणाले, "आता ते पक्कं करतात ते करा. परत जायला नको." भाऊ मागे छपाईच्या मशीनवर होते, त्या आवाजात हाक ऐकू गेली नसती. भाऊ दाबत ते बटण मी दाबलं, कॉम्प्युटरनं नाव विचारलं. मला इंग्रजी अक्षरं येत नव्हती, पण आकडे येत होते. मी एकचा आकडा मारला. मशीननं तो मुकाट्यानं घेतला. त्यानंतर माझी सगळी कामं आकड्यांच्या नावानं राहिली, दोन, तीन, चार अशी, आणि भाऊंना हाक मारावी लागली नाही. पुढे त्यांनी स्क्रू ड्रायव्हरनं एफ-चारचं बटणही उपटून टाकलं. नवीन गिऱ्हाईक त्या भोकाकडे बोट दाखवून विचारायचं, तेव्हा भाऊ म्हणायचे, "ते वात्रट होतं."

पण ते पुढचं. त्या दिवशी म्हातारी आत आली, माझ्या पाठीशी उभी राहिली आणि म्हणाली, "वाची दखाड, बाई."

चौथीच्या वर्गानंतर मी चार लोकांत मोठ्यानं काही वाचलं नव्हतं. पण ती वाचू शकत नव्हती, आणि तिला दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकायचं नव्हतं. मी वाचायला लागले. आवाज पहिल्या ओळीला फाटला, मग बसला. आशीर्वाद वाचलं. निमंत्रक वाचलं, नानांचं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट. मग वाचलं, सुकलाल.

"थांबा," नाना म्हणाले.

म्हातारीचा हात माझ्या खुर्चीच्या पाठीवर होता. तो घट्ट झाला.

"नुसतं सुकलाल काय लिहिलंय?" नाना म्हणाले. "सुकलाल धनजी लिहा. बापाचं नाव लावा त्याच्यापुढे."

मी धनजी लिहिलं, आणि पुन्हा सेव्ह केलं.